नळी सुकेपर्यंत

८ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली एकदाची चकती. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही: अकरा वर्षं हे काम करतेय, तरी घासायच्या दगडाला हात लावताना मला अजून घाम फुटतो. घासलेलं परत येत नाही. काटेकाका आधी मला 'भित्री भागूबाई' म्हणायचे, हल्ली नुसतंच 'भागूबाई' म्हणतात. जाडी मोजायच्या काट्यावरचा आकडा वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून ते काटेकाका. चार-पाच महिन्यांनी निवृत्त होतील.

आमचा उपग्रह म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राएवढा डबा. वजन चौऱ्याऐंशी किलो. पाचशे दहा किलोमीटरवरून पृथ्वीचे फोटो काढणार, पंचाण्णव मिनिटांत एक फेरी मारणार, आणि जमिनीवरची अडीच मीटरची वस्तू त्यात वेगळी ओळखू येणार. म्हणजे उभी असलेली मोटार. सगळा खटाटोप एका कॅमेऱ्यासाठी. पंख, दिशा वळवणारी चाकं, तारे पाहून वाट ओळखणारा छोटा डोळा, हे सगळे त्याचे नोकरचाकर. कॅमेऱ्याची नळी कार्बनच्या धाग्यांची आहे. इथल्या हवेतली ओल पिऊन ती किंचित फुगलेली असते. वर हवा नाही, तिथे ती दीड-दोन महिन्यांत सुकते आणि आखडते. म्हणून इथे चित्र मुद्दाम धूसर ठेवायचं, चाळीस मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याने. वर नळी सुकली की आपोआप स्वच्छ दिसेल. हा फरक कॅमेऱ्यात बसवायच्या धातूच्या बारीक चकतीच्या जाडीत ठेवतात. आज मी चाळीस कमी केले, मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांसारखेच.

आमचा नियम असा की मी हिशेब करून घासायचं आणि मोजायचं, मग काकांनी वेगळा हिशेब करायचा, वेगळं मोजायचं, आणि सह्या होईपर्यंत एकमेकांचा आकडा बघायचा नाही. आज काकांची मिजास वेगळीच होती. आधी म्हणाले दिवा जवळ आण, मग म्हणाले काट्याची काच पुसलेली नाही. मी पुसलेली होती. मग म्हणाले, "दे तुझा कागद, मीच टाचणी लावून ठेवतो." चारच्या आत सगळं आटपलं. कपाटात फाइल ठेवताना पाहिलं तर माझे २.४२० मिलिमीटर आणि त्यांचेही २.४२०! अकरा वर्षांत असं कधी झालं नाही, एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे होतातच. घरी येऊन आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आज जेव नीट."

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेला वर. जीव मुठीत धरून पडद्यासमोर बसले होते. सतरा मिनिटांनी डबा रॉकेटपासून वेगळा झाला, पंख उघडले, सगळे ओरडले. मी बाहेर जाऊन उलटी करून आले. कोणाला सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला फोटो आला. उपग्रह रोज सकाळी सव्वादहाच्या सुमारास आमच्या डोक्यावरून जातो आणि नऊ मिनिटं आमच्या अँटेनाच्या तबकडीच्या नजरेत असतो. तेवढ्यात त्याने फोटो टाकायचे आणि आम्ही हुकूम पाठवायचे, मग थेट दुसऱ्या दिवशी. (रात्रीही एक फेरी असते, पण तेव्हा तबकडी दुसऱ्या कंपनीच्या कामाला असते.)

फोटो धूसर. किनारा कळतो, गाव म्हणजे नुसता करडा डाग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण धूसरच यायचा होता. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुख बाईंनी, माझ्या पाठीवर थाप मारली. "नळी सुकू दे," म्हणाल्या. "मग बघा ही माझी वरची पोरगी कशी बघते ते." चार वर्षं त्यांनी या डब्यापायी घर पाहिलं नाही. याला जुळा भाऊ नाही. हा बिघडला तर सगळं बिघडलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर मलाच वाचता येईल की नाही, देव जाणे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी म्हणाल्या, "धूसर फोटोला टाळ्या कशाला वाजवतात, हे मला समजावून सांग." नवरा बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, बोलायला विषय लागतो. मी वर्तमानपत्राची नळी केली. पुढच्या तोंडाशी वाटीचं झाकण धरायला लावलं, तो छोटा आरसा. मागे ताटली, तो मोठा आरसा. त्याच्याही मागे माझा तळहात, तो चित्र टिपणारा सेन्सर. "आता नळी आखडते," मी म्हटलं आणि नळी दाबली. "दोन आरसे जवळ आले. मग चित्र जिथे जमतं ती जागा मागे सरकते. म्हणून सेन्सर आधीपासूनच मागे ठेवायचा. म्हणून त्याच्याखालची चकती जाड..."

आणि माझा तळहात तिथेच राहिला.

जाड. पातळ नाही, जाड! मागच्या दोन कॅमेऱ्यांत चकती पुढच्या छोट्या आरशाखाली होती, तिथे पातळ करायची. या कॅमेऱ्यात ती सेन्सरखाली आणली. इथे जाड ठेवायची. मी सवयीने पातळ केली.

आईंनी विचारलं, "काय झालं गं? पांढरी का पडलीस?" मी म्हटलं, चक्कर आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कपाट उघडलं. मूळ नोंद: जमिनीवर चित्र २.४६० ला स्वच्छ. चाळीस मिळवून २.५०० हवेत. फाइलमध्ये २.४२०. माझ्या अक्षरात.

म्हणजे नळी सुकेल तसं चित्र स्वच्छ होणार नाही, आणखी बिघडत जाणार. आज चाळीसने चुकलंय, शेवटी ऐंशीने चुकेल. इथल्या चाचणीत कळलं नाही, कारण चाळीसने अलीकडे काय आणि पलीकडे काय, धूसर दोन्हीकडे सारखंच दिसतं. आणि नळी पूर्ण सुकवून पाहायला दीड महिना निर्वात टाकीत ठेवावी लागली असती, तेवढा वेळ कोणाकडे होता.

पण काकांचेही २.४२०. मी दहा वेळा पाहिलं. काकांनी तर वेगळा हिशेब केलाय. काका सवयीने चुकणारे नाहीत; त्यांनीच मला शिकवलं की सवय हा मोजणाऱ्याचा शत्रू आहे. मग माझंच आज कुठेतरी उलटं होतंय का? वर्तमानपत्राची नळी काही कार्बनची नसते.

दुपारी त्यांना गाठलं. सहज विचारल्यासारखं केलं. "काका, नव्या कॅमेऱ्यात चकती जाड ठेवायची ना हो?"

ते चहा ढवळत होते. ढवळायचे थांबले. "आता चकतीचं काय काढलंस?"

"काही नाही. आठवलं."

"तू नीट मोजलं होतंस ना?"

"हो."

"मग झालं तर," म्हणाले आणि उठून गेले. चहा तसाच. इतके तुटक ते माझ्याशी कधी वागले नव्हते. त्यांना माझा संशय आलाय, दुसरं काय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेगडीने आज घात केला. तापमान सांभाळणारा इंजिनिअर तो; उपग्रहावरचे सगळे हीटर त्याच्या ताब्यात, म्हणून शेगडी. बैठकीत उभा राहून म्हणाला, "दीड महिना वाट कशाला बघायची? नळीचे हीटर लावू. पस्तीस अंशांवर ठेवली की पंधरा दिवसांत खडखडीत वाळेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी सुरू करायचं ठरलं.

ओल एकदा गेली की गेली, वर परत कुठून येणार? नळी गार ठेवली तर ओल आत अडकून राहील, चित्र आहे तिथेच थांबेल. तापवली तर रोज आणखी बिघडेल. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "खिडकी उघडू का?"

काका कोपऱ्यात बसले होते. मान खाली. त्यांनीही काही विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

जेवण जात नाही. मनात रोज वेगळा वकील उभा राहतो. एक म्हणतो, दोन सह्या आहेत, दोघं एकदम चुकत नाहीत, गप्प बस. दुसरा म्हणतो, ताटली आणि झाकण घेऊन परत बघ. मी आज चार वेळा बघितलं. चारही वेळा जाड.

खरं सांगायचं तर मला डब्याचं दुःख दुसऱ्या नंबरवर आहे. पहिली भीती ही, की सगळे माझ्याकडे वळून बघतील. मॅडम बघतील. असं लिहिताना लाज वाटते, पण वहीत तरी खोटं कशाला.

३ मार्च, सोमवार

दहा सतराला हीटर लागले. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते.

४ मार्च, मंगळवार

आजचा फोटो कालच्यापेक्षा वाईट. किनाऱ्याची रेघ जाडी झालीय. शेगडी म्हणाला, "नळी सगळीकडे सारखी तापलेली नाही अजून. आधी बिघडणार, मग सुधारणार." त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मलाही पटायला हवं होतं.

तीन वाजता मॅडमच्या खोलीत गेले. दार लावलं. पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. "मॅडम, चकती माझ्याकडून चुकीची घासली गेलीय. हीटर बंद करा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. फाइल मागवली, दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अगं, हे बघ. काटेकाकांचेही तेवढेच आहेत. त्यांनी वेगळा हिशेब केलाय. तुझा चुकला असता तर त्यांचा २.५०० आला असता."

"मला माहीत आहे. पण..."

"थांब, त्यांनाच बोलावते."

काका आले. दारात क्षणभर थांबले, मग खुर्चीची पाठ चाचपत बसले. मॅडमनी विचारलं, "काका, ही चकती तुम्ही स्वतः मोजली होती ना? हिशेब स्वतः केला होता?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते. "मोजली होती," म्हणाले.

मॅडमनी फाइल मिटली. मला म्हणाल्या, "किती दिवस झोपली नाहीस? दोन दिवस घरी बस. काकांची सही आहे तोवर मी हीटर बंद करू शकत नाही. उद्या मला वरून विचारतील, कशावरून बंद केले? एका घाबरलेल्या मुलीच्या सांगण्यावरून?"

काका खोटं बोलणार नाहीत. मग चूक माझ्याच डोक्यात आहे. वेड लागायला सुरुवात अशीच होते का?

५ मार्च, बुधवार

घरी. सव्वादहाला घड्याळाकडे बघत बसले. आज बंद केले असते तर आज थांबलं असतं.

शेवटी आईंना सगळं सांगून टाकलं. त्या पूर्वी शिवणाचं दुकान चालवायच्या. सगळं ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दोघांचा आकडा अगदी तोच आला?"

"अगदी तोच. म्हणून तर."

"आमच्या दुकानात दोघींनी एकाच गिऱ्हाइकाची छाती मोजली तर पाव इंचाचा फरक ठरलेला. नाही आला तर मी दुसरीचा कान धरायची."

आईंचं आपलं काहीतरी. टेपने छाती मोजणं आणि मायक्रॉन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी थोडी चिडलेच. मग मलाच वाईट वाटलं. त्या बिचाऱ्या माझं डोकं दाबत बसल्या.

६ मार्च, गुरुवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी साडेआठला दार वाजलं. बेल समोर असताना दार कोण वाजवतं म्हणून चडफडत उघडलं, तर काका. दाढी वाढलेली. उंबरठ्याला ठेचकाळले, मी हात धरला. आईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पाणी हातातच ठेवलं.

"भागूबाई, तुझ्या भिंतीवर घड्याळ आहे?"

"आहे की. समोरच."

"किती वाजलेत?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"मला घड्याळ दिसतं," ते म्हणाले. "काटे दिसत नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून. मधोमध डाग आहे, बघायला जावं तिथेच नेमका येतो. डॉक्टर म्हणतात आता असंच राहणार. कोणाला बोललो नाही. म्हटलं चार महिने तर राहिलेत, ढकलू. तुझा हात मी घडवलाय, तुझं चुकत नाही. तुझा कागद घेतला, भिंग लावून लावून आकडा उतरवला आणि सही ठोकली."

त्या २.४२० वर मी आठ दिवस जगत होते.

"परवा मॅडमनी विचारलं तेव्हा सांगायचं होतं," ते म्हणाले. "जीभच वळली नाही. एकतीस वर्षं झाली गं. लोक मला काटेकाका म्हणतात."

रागावले का? हो. आईंसमोर ओरडले. "मला वेड लागायची पाळी आली होती, काका! तुम्ही भिंतीकडे बघत होतात!"

"तू दिसत नव्हतीस नीट," ते म्हणाले. "पण म्हणून नाही. भिंतीकडे बघणं सोपं होतं."

आई मधे पडल्या. "भांडण परतल्यावर करा. तुमचं ते सव्वादहाचं काय?"

नऊ वाजून गेले होते. रिक्षा मिळेना. मिळाली ती फाटकापाशी अडकली, मालगाडी संपता संपेना. मी फोन लावला तर मॅडम नियंत्रण कक्षात, तिथे फोन आत नेत नाहीत. काका माझं मनगट घट्ट धरून बसले होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "किती झाले?" दहा चार. दहा सात. दहा तेराला आम्ही जिन्यात होतो. मी त्यांना जवळजवळ ओढतच वर नेलं.

कक्षात नऊ माणसं होती. सगळी वळून बघायला लागली, मला ज्याची भीती होती अगदी तसंच. काका मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ती चकती मी मोजलेली नाही. ही म्हणते ते खरं आहे. माझ्या सहीला धरून बसू नका."

पडद्यावर उपग्रह नुकताच क्षितिजावर आला होता. मॅडमचा चेहरा मी विसरणार नाही. पाच सेकंद, दहा सेकंद. मग त्यांनी शेगडीकडे बघितलं.

"बंद कर."

"मॅडम, खात्री करून मग..."

"बंद कर म्हटलं ना! आणि डबा असा फिरव की नळीवर ऊन येणार नाही. जितकी गार ठेवता येईल तितकी."

हुकूम दहा एकोणीसला गेला. पोचल्याची खूण पाच मिनिटांनी आली, आणि लगेच उपग्रह पलीकडे मावळला. मी जमिनीवर बसले. काकांनी विचारलं, "गेला का हुकूम?" मी म्हटलं, गेला.

११ मार्च, मंगळवार

चार दिवस फोटो तसेच आहेत, बिघडत नाहीत. सुधारणारही नाहीत. शेगडीने मोजलं: छप्पन्न मायक्रॉनवर थांबलंय. चाळीस माझ्या घासण्याचे, चार आपोआप गेले, बारा हीटरने खाल्ले. बारातले आठ मी गप्प बसले त्याचे, चार काका गप्प बसले त्याचे. हे मी कोणी न विचारता काढलं.

मोटार दिसणार नाही. नदी दिसेल, शेतांचे बांध दिसतील, मोठे रस्ते दिसतील. संगणकावर घासूनपुसून आणखी थोडं निघेल म्हणतात. मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल शेगडी म्हणाला, "ताई, मी नळी पार भाजून काढली असती हो," आणि त्याचेच डोळे भरले. नोकरी राहील की नाही, कळलेलं नाही. भीती गेलेली नाही, फक्त आता ती लपवावी लागत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमनी अहवाल मलाच लिहायला लावला. चूक कशी झाली, तीन पानांत, खाली दोघांच्या सह्या. पुढच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या फाइलला तो जोडला जाणार. काका आदल्या दिवशीच म्हणाले होते, "सगळं माझ्या नावावर टाक. मी जाणारच आहे, तुला अजून वीस वर्षं काढायचीत." मी रात्रभर त्याचा विचार केला, हेही लिहून ठेवते. मग माझं ते माझ्या नावावर लिहिलं. काकांच्या बाबतीत मात्र हात जरा सैल सोडला.

आज मॅडमच्या खोलीत तिघं बसलो. सहीसाठी कागद पुढे केला तर काका म्हणाले, "वाच. पहिल्यापासून. मोठ्याने."

मी वाचत गेले. दुसऱ्या पानावर होतं, 'जुन्या रचनेच्या सवयीमुळे व कामाच्या घाईत मी चकती पातळ केली.'

"घाई कुठे होती?" काका म्हणाले. "चारला आटपून घरी गेलो होतो आपण."

मी घाई खोडली. कान तापले. पुढे वाचलं: 'दृष्टी कमी झाल्यामुळे दुसऱ्या तपासनिसांना चकती मोजता आली नाही.'

काकांनी कागद हाताने चाचपला. मग म्हणाले, "हे खोड."

"खरं आहे की, काका."

"नाही. मोजता येत नव्हतं, तर तसं सांगता येत होतं. दुसऱ्याला बसव म्हणता येत होतं. 'मोजली नाही' असं लिही."

"हे कायमचं राहील फाइलमध्ये. नवीन आलेला प्रत्येक जण वाचेल."

"म्हणून तर."

मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी खोडलं आणि लिहिलं: 'दुसऱ्या तपासनिसांनी चकती मोजली नाही.' परत एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पेन मागितलं. सहीची जागा दिसेना, म्हणून मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. सही ओळीच्या खाली घसरली. मॅडमनी ती तशीच राहू दिली.